एम्लिन चिल्लर आणि त्र्याऐंशीचं नाणं

वेल्समधल्या आमच्या गावात माणसाला आडनावाने हाक मारून काही उपयोग नसतो. अर्धं गाव जोन्स, उरलेल्यातलं अर्धं डेव्हिस. चौकात उभं राहून "जोन्स!" म्हणून ओरडलं तर पंधरा जण वळून बघतील आणि सोळावा कुत्रा असेल. म्हणून आमच्याकडे धंदा नावाला चिकटतो. दूध घालणारा तो डाय दूध, प्रेतं नेणारा तो इव्हान पेटी. मी चाळीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले, तर मी नेस्टा बँक. आता निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी बँक काही सुटत नाही.

त्या हिशेबाने पाँटिप्रिथच्या बाजारात अंडी आणि चीज विकणाऱ्या एम्लिन मॅडोकला एम्लिन अंडी म्हणायला हवं होतं. पण त्याला सगळे म्हणायचे एम्लिन चिल्लर.

एम्लिन नऊ वर्षांचा असताना गोवराच्या तापात त्याचे डोळे गेले. आईने त्याला गल्ल्यावर बसवलं आणि तिथेच तो मोठा झाला. तळहातावर नाणं पडलं की ते गल्ल्यात जाईपर्यंतच्या अर्ध्या क्षणात त्याचं सगळं वाचून झालेलं असायचं. कितीचं, कुठल्या राजाचं, किती झिजलेलं. एकदा माझ्यासमोर एका पोराने पैसे दिले तर हा म्हणाला, "घरापासून मूठ उघडली नाहीस ना रे? शिजलंय नाणं." पोरगं आईच्या मागे लपलं.

माझी त्याची ओळख झाली ती १९७१ च्या जानेवारीत. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला दोनशे चाळीस पेनींचा पौंड शंभर पेनींचा होणार होता. देशभर नुसता गोंधळ. बँकेत रोज एखादी म्हातारी येऊन माझ्यावर खेकसायची, जणू काही मीच तो कायदा केला होता. मॅनेजरसाहेबांनी मला नव्या नाण्यांची पिशवी देऊन अंधांच्या मंडळात पाठवलं. म्हणाले, जा, त्यांना समजावून सांग. मी बावीस वर्षांची, दोन दिवस पाठ करून गेलेली. उभी राहिले आणि सुरुवात केली, "हे पाहा, तपकिरी नाणी तीन आहेत..."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तपकिरी रंगाला कडा किती असतात?"

सगळे हसले. मला घाम फुटला. तो उठून पुढे आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढचा तासभर त्यानेच शिकवलं. पाच पेन्सचं म्हणजे जुना शिलिंगच, तोच आकार, घाबरू नका. दहाचं म्हणजे जुने दोन शिलिंग. ही दोन्ही गेली तीन वर्षं तुमच्या खिशात आहेतच. पन्नासला सात कोपरे, त्याच्यावरून डोळस लोक भांडतात, आपल्याला काय, आपली बोटं शाबूत आहेत. आणि हा अर्धा पेनी, एवढासा, बटणासारखा, कोटाच्या अस्तरात गेला तर शोधू नका, त्याची तेवढी लायकी नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत राहिले. त्या तासात मला नाण्यांबद्दल जे कळलं, ते बँकेने मला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमची दोस्ती. लग्नाबिग्नाचं काही मनात आणू नका. माझं ठरलेलं होतं आणि नवरा बरा निघाला. पण एम्लिन मला फार आवडायचा, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं होतं.

एम्लिन नाणी जमवायचा, पण लोक जमवतात तशी नाही. नवीन काही आलं की ते गल्ल्यातून आपणहून येईपर्यंत वाट बघायचा, आलं की रात्रीच्या जेवणानंतर घेऊन बसायचा आणि बोटांनी वाचायचा. मग ते अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये जायचं, एका खळग्यात एक. १९७३ मध्ये पन्नास पेन्सचं वेगळंच नाणं निघालं, तेव्हा त्याने मला बँकेत फोन केला. काउंटरवर रांग होती.

"नेस, यावर हात आहेत गं! नऊ हात, गोल करून एकमेकांचे धरलेले. मी मोजले."

"एम्लिन, माझ्यासमोर अकरा माणसं उभी आहेत."

"अकरा? मग दोन जास्त आहेत," म्हणाला आणि फोन ठेवला.

१९८२ साली वीस पेन्सचं आलं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जी आमच्या बँकेत कोणाच्याच लक्षात आली नाही. अकरा वर्षं नाण्यांवर 'न्यू पेन्स' लिहिलेलं असायचं, म्हणजे नवे पेन्स. ते शब्द बदलले. आता दोनच्या नाण्यावर 'टू पेन्स', दोन पेन्स, एवढंच. एम्लिन दुकान बंद करून माझ्याकडे आला. "नवं गेलं," म्हणाला. "अकरा वर्षांत म्हातारं झालं बघ." दोन वर्षांनी अर्धा पेनी बंद झाला. मग वेल्सचा पौंड निघाला, त्यावर वेल्सची खूण म्हणून आमची कांद्याची पात आणि कडेवर आमच्या भाषेतली अक्षरं. ते नाणं बोटांत धरून तो कडेकडेने फिरवत होता आणि हसत होता. नव्वद साली पाचचं नाणं आक्रसून एवढंसं केलं, तेव्हा मात्र त्याने सरकारला शिव्या घातल्या. त्या मी इथे लिहीत नाही. बाजारात सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

आमच्या गावच्या डोंगरापायथ्याशी देशाची टांकसाळ आहे. म्हणजे साऱ्या राज्याची चिल्लर आमच्याच नाकाखाली पडते. त्यामुळे गावात नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ असणं ओघानेच आलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चॅपलमागच्या खोलीत बैठक. मी चिटणीस. चिटणीस म्हणजे चहा करणारी, तव्यावरचे गोड केक आणणारी आणि कोण कोणाशी बोलत नाही हे लक्षात ठेवणारी. अध्यक्ष हेडन ट्रहार्न, निवृत्त शाळामास्तर. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झाली होती. माझा भाऊ तर पन्नाशीतही ते समोरून आले की खिशातले हात बाहेर काढायचा.

मास्तरांचा एक नियम होता. नाणं कडेने धरायचं. दोन बोटांत, मखमलीच्या तुकड्यावर, चेहऱ्याला किंवा पाठीला बोट लागता कामा नये. बोटाचं तेल नाण्याला लागलं की डाग कायमचा. पुसायला जाल तर दुप्पट सत्यानाश, कारण पुसलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो. हा नियम जगभर आहे, मास्तरांनी काढलेला नाही. पण ते तो असा सांगायचे, जणू काही सिनाई पर्वतावर देवाच्या हातून त्यांनाच मिळाला होता.

आता अशा मंडळात एम्लिन. एका हाताखाली अंड्यांचे सहा ट्रे, आणि प्रत्येक नाण्यावर त्याच्या बोटांचे शेकडो ठसे.

"हा संग्रह नाही, मॅडोक," मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले. "ही चिल्लर आहे."

"म्हणूनच तर माझं नाव तसं आहे, मास्तर. तुमचं काय, तुम्ही यांच्याकडे नुसतं बघता? लग्न झाल्यावरही असंच केलंत का?"

खोलीत कोणाची हसायची हिंमत झाली नाही. मग मास्तर स्वतःच हसले, आणि एम्लिन मंडळाचा सभासद झाला. पुढची सत्तावीस वर्षं ते दोघं दर बैठकीत भांडायचे, आणि एखाद्या शनिवारी एकजण आला नाही तर दुसरा चहा अर्धा टाकून जायचा.

मास्तरांकडे एक नाणं होतं. आमच्या मंडळाची शान. १९८३ चं दोन पेन्सचं. सांगितलंच मी, ब्याऐंशी साली 'नवे' हा शब्द गेला. त्र्याऐंशी साली दोन पेन्सची नाणी बाजारासाठी पाडलीच नाहीत. फक्त जमवणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेले संच निघाले, आणि त्यातल्या थोड्या संचांत दोनच्या नाण्यावर चुकून जुनाच ठसा बसला. म्हणजे साल त्र्याऐंशी, आणि मागे 'नवे पेन्स'. घालवलेला शब्द एक वर्षाने पुन्हा दारात. किती पडली, कोणालाच नक्की माहीत नाही. मास्तरांनी ते एक्याण्णव साली टेन्बीला सुट्टीवर गेले असताना एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, पाकीट फाटलेलं म्हणून जरा स्वस्तात. ते काचेसारख्या गोल डबीत असायचं. वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या बैठकीत, मास्तर पांढरे हातमोजे घालून ती डबी धरायचे आणि आम्ही हात मागे बांधून तिच्यासमोरून जायचो. चर्चमध्ये कोणी एवढ्या गंभीरपणे चालत नसेल.

एम्लिनने पहिल्याच वर्षी मागितलं. "मला वाचू द्या की."

"नाही."

"एकदाच."

"मॅडोक, तुझं एक बोट लागलं की त्याची किंमत निम्मी."

"मग तुम्ही निम्म्या किमतीचं का होईना, पण कोणीतरी वाचलेलं नाणं घेऊन बसाल!"

"नाही म्हणजे नाही."

दर फेब्रुवारीला हे व्हायचं. आम्हाला ती करमणूक होती. एम्लिनलाही होती, असं मी समजत होते.

दोन हजार बाराच्या सुमाराला त्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. साखरेचा आजार त्याला दहा वर्षं होता, आणि चीज खायचं सोडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, नसा मरत चालल्या आहेत. आधी उजव्या हाताची तर्जनी गेली. मग मधलं बोट. तेरा सालच्या डिसेंबरात मी त्याच्याकडे गेले तर तो स्वयंपाकघरात अंड्यांचा ट्रे पुढे घेऊन बसला होता. हातात एक नाणं.

"नेस, हे कितीचं आहे?"

"दहाचं."

त्याने ते खळग्यात परत ठेवलं. मी चहा ठेवला. जरा वेळाने म्हणाला, "हातमोजे घातल्यासारखं वाटतं गं. काढायला जातो तर आतमध्ये हात नाहीच."

मग त्याने मला सांगितलं. या देशाने एकाहत्तरपासून जे नाणं लोकांच्या हातात दिलं, त्यातलं झाडून सगळं त्याने वाचलं होतं. एक राहिलं होतं. त्याला ते मालकीचं नको होतं. त्याला फक्त बघायचं होतं की चुकून परत आलेला तो शब्द कसा बसला आहे, दबकत बसला आहे की ऐटीत. डावं बोट अजून थोडं जागं होतं. फेब्रुवारीपर्यंत राहील की नाही, सांगता येत नव्हतं.

"मास्तरांना सांगू नकोस हां," म्हणाला. "भीक नको."

मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांना सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे एम्लिनला माहीत होतं. त्याने सांगितलं त्याअर्थी त्याला ते पोचवायचंच होतं, असं मी ठरवून टाकलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही, नियम सांगितला नाही. चेहरा मात्र एकदम उतरला. मला वाटलं, नाण्यासाठी जीव तुटतोय म्हाताऱ्याचा. मनात म्हटलं, केवढा हा कद्रूपणा.

"विचार करतो," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी खोली भरली होती. चौदा माणसं, बाहेर गारठा, हीटरजवळची खुर्ची नेहमीप्रमाणे ग्विलिमने पटकावलेली. ग्विलिम तीस वर्षं टांकसाळीत यंत्रावर होता. मास्तर उभे राहिले. हातमोजे घातले नव्हते.

"मॅडोक, पुढे ये. हात धुऊन ये."

त्यांनी डबीचं झाकण काढलं. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मास्तरांनी नाणं एम्लिनच्या तळहातावर ठेवलं, सरळ, उघड्या बोटांनी.

एम्लिनने डावी तर्जनी फिरवली. एकदा, दोनदा. मग अंगठा. मग उजव्या हाताची बोटं, एकेक करून. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग त्याने पुन्हा डावं बोट लावलं, आणि मला कळलं की त्याला काही लागत नाहीये. त्याच्या बोटांखाली नुसती गुळगुळीत चकती होती. दोन महिने उशीर झाला होता. मला त्या क्षणी मास्तरांचा, त्या डबीचा आणि तेवीस वर्षांच्या त्या 'नाही'चा असा राग आला की मी केकची थाळी जवळजवळ आपटलीच.

आणि एम्लिनने नाणं उचलून तोंडात घातलं.

पूर्ण नाही. अर्धं. जिभेचं टोक त्याच्यावरून फिरायला लागलं. खोलीत हाहाकार. ग्विलिम उठून उभा राहिला, "अरे, गिळेल तो!"

"गिळलं तर दोन दिवस थांबायचं," मी म्हणाले. "हरवणार तर नाही."

"तीस वर्षं यंत्रावर होतो, पण नाणं चाखणारा माणूस पाहिला नाही बाबा!"

एम्लिनने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. जीभ हळूहळू कडेकडेने सरकत होती. त्याचा चेहरा फुलायला लागला. नाणं बाहेर काढून म्हणाला, "नवे! आहे की बसलेला, चांगला पाय पसरून! लाज म्हणून नाही."

"चव कशी आहे?" ग्विलिमने विचारलं.

"मास्तरांच्या स्वभावासारखी. पण सवय होते."

आता सगळे हसायला लागले. मास्तर हसत नव्हते. एम्लिनने नाणं उलटं केलं, राणीच्या बाजूने, आणि पुन्हा जिभेला लावलं. साल त्या बाजूला असतं. एक. नऊ. आठ. मग जीभ थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे गेली, आणि त्याच जागी पुन्हा थांबली. हसणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्याने नाणं बाहीला लावलं नाही, पुसलं नाही. नियम त्यालाही माहीत होता. ते कडेने धरून मास्तरांपुढे केलं.

"एकोणीसशे त्र्याऐंशी," म्हणाला. "नवे पेन्स. आभारी आहे, मास्तर."

टाळ्या वाजल्या.

मी त्याला गाडीतून घरी सोडायला निघाले. उतार संपेपर्यंत तो जीभ दातांवरून फिरवत होता. मग म्हणाला, "नेस, ते तीन नाहीये."

"म्हणजे?"

"शून्य होतं. नाणं ऐंशीचं आहे, दर पाचव्या खिशात सापडेल असलं. कोणीतरी शून्याची डावी बाजू खरवडली, मधून जरा धातू आत ढकलला आणि तीन केला. डोळ्याला कळणार नाही. डबीतून तर नाहीच. पण तिथे खड्डा आहे, खरखरीत. जीभ अडकते."

मी गाडी बाजूला घेतली. "खात्री आहे तुझी?"

"बोटांची नसती. जिभेची आहे."

बँकेत खोटं नाणं आलं की आम्ही ते ग्राहकाच्या तोंडासमोर बाजूला काढायचो, मग तो बिशप का असेना. माझं डोकंच फिरलं. "मग बोलला का नाहीस? तेवीस वर्षं तो माणूस आम्हाला हात मागे बांधून फिरवतोय! आणि तू, एवढी वाट बघून, बोटं जायची वेळ आली तेव्हा तुझ्या पदरात पडलं ते खोटं!" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचाही मला राग आला.

"मी वाचायला मागितलं होतं," एम्लिन म्हणाला. "तपासायला नाही."

"पण तुला मिळालं काय?"

तो माझ्याकडे वळला. आणि खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतंच. पन्नासच्या नाण्यावर हात मोजून फोन करणारा माणूसच तिथे बसला होता.

"नेस, आजवर हजारो नाणी वाचली. सगळी यंत्राची. हे पहिलं नाणं, ज्यात मला माणूस लागला. कोणीतरी खिडकीशी बसून, भिंग लावून, एवढ्याशा शून्याशी खेळत होता. मधला भाग त्याने एका झटक्यात नाही केला, तीनदा प्रयत्न केलाय. कोण असेल गं तो? घड्याळं दुरुस्त करणारा? दातांचा डॉक्टर? आणि पैशासाठी केलं म्हणावं, तर एवढं कौशल्य असलेला माणूस सरळ मार्गाने जास्त कमावेल. मला वाटतं, त्याला बघायचं होतं, जमतं का."

मी डोळे पुसले. "आणि मास्तर?"

"मास्तरांना काही सांगायचं नाही. या वेळी खरंच नाही. शप्पथ घे."

मी शपथ घेतली, आणि ती आठ दिवस पाळलीही. पण पुढच्या रविवारी मी एम्लिनच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, तेव्हा दार वाजलं. मास्तर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चढण चढून धाप लागलेली, टोपी हातात. ते या घरी कधी आले नव्हते.

"कोण, मास्तर का? दम ओळखला मी. बसा की."

ते बसले नाहीत. "तुला कळलं," म्हणाले.

एम्लिनने एक खुर्ची पायाने त्यांच्याकडे सरकवली.

"मी बघत होतो तुझ्याकडे. थांबलास तू. मला तेवीस वर्षांपूर्वीच कळलं होतं, मॅडोक. टेन्बीहून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात. भिंगाखाली. पण तोवर मी ते सगळ्यांना दाखवून बसलो होतो. वर्तमानपत्रात फोटो आला होता. मग म्हटलं, डबीत राहू दे. हात लावायचा नाही, हा नियम आहेच. त्या नियमाने माझी लाज राखली."

माझा संयम संपला. सुरी हातातच होती. "मग दिलंत कशाला याच्या हातात? खोटं माहीत असून? चौदा माणसांसमोर?"

मास्तर माझ्याकडे बघून बोलले, पण शब्द एम्लिनसाठी होते. "कारण त्याच्या बोटांना वेळ नव्हता. माझ्याकडे दुसरं नव्हतं. नाही म्हणालो असतो, तर तो मी कंजूष आहे असं समजून राहिला असता आणि मी सुटलो असतो. तेवीस वर्षं तेच करत आलो. या वेळी जमलं नाही. म्हटलं, देऊ. कळलं तर त्याने सांगावं सगळ्यांना. त्याचा हक्क आहे तो." मग एम्लिनकडे वळले. "का सांगितलं नाहीस रे?"

"ते आणलंय का?" एम्लिनने विचारलं.

मास्तरांनी पॅन्टच्या खिशात हात घातला. किल्ल्या, रुमाल, बसचे सुटे पैसे, सगळं टेबलावर काढलं. त्यातच ते नाणं होतं, इतर चिल्लरीत मिसळलेलं. मास्तरांच्या खिशात. मी सुरी खाली ठेवली.

"नेस, त्यातलं ते दे." मी शोधून एम्लिनच्या हातात ठेवलं. त्याने ते टेबलावर राणीची बाजू वर करून ठेवायला सांगितलं, आणि हवेत हात पुढे केला. "मास्तर, तुमचं बोट द्या."

"कशाला?"

"द्या तर. शाळेत तुम्ही पोरांना हात पुढे करायला लावायचात, तेव्हा ती विचारत होती का?"

मास्तर बसले. त्यांनी उजवी तर्जनी पुढे केली. एम्लिनने आपल्या बधिर हाताने ती चाचपडत धरली, आणि मी दोघांची मनगटं पकडून ती नाण्यावर आणली. पन्नास वर्षं नाणी जमवणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा संग्रहातल्या नाण्याच्या चेहऱ्यावर बोट टेकलं. चटका बसल्यासारखं ते बोट मागे घ्यायला गेले. एम्लिनने सोडलं नाही.

"दाबू नका. नुसतं टेकवा. कडेकडेने. हा कोपरा लागला? तो एक. पुढे जा. गाठ आहे ना वर? नऊ. पुढे दोन गाठी, एकावर एक. आता सावकाश."

मास्तरांचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. मागे गेलं. परत आलं.

"लागलं?" एम्लिनने विचारलं.

"लागलं," मास्तर हळूच म्हणाले.

"आता मला सांगा, कसं लागतंय. बोटाला कसं लागतं, ते सांगा. मला आता आठवणारच नाही नाहीतर."

मास्तरांनी डोळे मिटले, बोट तिथेच ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.